लोकगायकाची तबकडी आणि शेवटचे कडवे

विषयाचे नाव वाचून काही श्रोत्यांस थोडे नवल वाटले असेल. इतिहासाच्या व्याख्यानात लढाया यावयाच्या, तह यावयाचे, फार तर एखाद्या देवळाचा शिलालेख यावयाचा. गाण्याची तबकडी हा काय इतिहासाचा विषय झाला? पण शिलालेख आम्ही वाचतो तो कशासाठी? कोणी, केव्हा, कोणाच्या आज्ञेने हे उभारले, हे कळावे म्हणून. गाण्याविषयी हाच प्रश्न विचारला तर उत्तर शोधताना मोठी तारांबळ उडते. गाणे ओठावर असते, पण ते कोणाचे हे सांगता येत नाही. ज्या जिल्ह्यात आपण राहतो त्या नाशिक जिल्ह्याने या प्रश्नाची एक फार बोलकी हकीकत निर्माण केली आहे. तिचा नायक म्हणजे लोककवी वामनदादा कर्डक.

१५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडी या गावी त्यांचा जन्म झाला आणि १५ मे २००४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. या ब्याऐंशी वर्षांच्या अवधीत त्यांनी रचलेल्या गाण्यांची संख्या दहा हजारांच्या घरात सांगितली जाते. आकडा नेमका मोजलेला नाही. पण थोडा कमीअधिक धरला तरी एका माणसाच्या हातून झालेले हे काम थक्क करणारे आहे. आणि त्याहून थक्क करणारी गोष्ट ही की, ज्या तरुण वयात इतरांची शाळा संपते त्या वयात या माणसाने बाराखडी गिरवली. मुंबईत मजुरी करीत असता कोणी एकाने पत्र वाचून दाखवावे म्हणून त्यांच्या हाती दिले. ते वाचता येईना, तेव्हा त्यांना रडू कोसळले. मग एका मास्तरांकडून अक्षरे शिकून, रस्त्यावरील दुकानांच्या पाट्या वाचीत वाचीत त्यांनी वाचन पक्के केले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. त्यांचे पहिले गीत १९४३ सालचे. ते एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर रचलेले विडंबन होते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. तिच्याकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

प्रथम थोडे मागे जाऊ. छापखाना नव्हता, ध्वनिमुद्रण नव्हते, तेव्हा आपले गाणे आपल्या नावावर राहावे म्हणून कवी काय करीत असे? तो आपले नाव गाण्याच्या शेवटच्या कडव्यात गुंफीत असे. संतांच्या अभंगांत ही नाममुद्रा आहे. अफझलखानाच्या वधाचा पोवाडा रचणाऱ्या अज्ञानदासानेही शेवटी आपले नाव सांगितले आहे. पेशवाईच्या उत्तरार्धात आमच्याच सिन्नर तालुक्यात, वावी गावी, परशराम नावाचा शिंपी शाहीर होऊन गेला. त्याच्या लावण्या आज परशरामाच्या म्हणून ओळखता येतात त्या या नाममुद्रेमुळे. गाणे तोंडोतोंडी दहा गावे फिरले, मधली दोन कडवी गळाली, शब्द बदलले, तरी शेवटचे कडवे शाबूत असेल तर मालक सापडतो. घरच्या भांड्यावर नाव घालण्याची आपली रीत आहे ना, तसाच हा प्रकार. भांडे लग्नकार्यात चार घरी फिरून येते, पण नाव वाचून परत घरी पोहोचते.

वामनदादांनी ही जुनी रीत सोडली नाही. त्यांच्या गीतांच्या अखेरीस ‘वामन’ हे नाव येते. एकाच तालुक्यातले हे दोन कवी, मध्ये दीडशेहून अधिक वर्षे गेलेली, राज्ये बदललेली, पण गाण्यावर नाव घालण्याची युक्ती तीच.

या दोघांच्या मध्ये काय काय घडले? पहिली गोष्ट कागदाची. हॅरी ॲकवर्थ हे इंग्रज अधिकारी आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी गोंधळ्यांच्या व शाहिरांच्या तोंडून पोवाडे मिळवून १८९१ मध्ये त्यांचा संग्रह छापला. शब्द वाचले, चाल मात्र कागदावर उतरली नाही. पुढे छापील चोपडीलाही धार आली. याच नाशिकच्या बाबाराव सावरकरांना १९०९ मध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली, ती कवितांची एक पुस्तिका प्रसिद्ध केल्याच्या आरोपावरून. गाण्याचे सामर्थ्य राज्यकर्त्यांनी किती अचूक ओळखले होते, याचा यापरता पुरावा नको.

दुसरी गोष्ट तबकडीची. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायसबर्ग हे कलकत्त्यास आले आणि हिंदुस्थानातील व्यापारी ध्वनिमुद्रणास आरंभ झाला. त्यांनी मुद्रित केलेल्या गायिकांत गौहरजान ही सर्वांत प्रसिद्ध. गाणे संपताच ती कर्ण्यात आपले नाव इंग्रजीत पुकारीत असे. कारण अगदी व्यवहारी होते. तबकड्या जर्मनीत हानोव्हर येथे तयार व्हावयाच्या. तेथील कामगारांना आवाजावरून गायिका कोण हे कसे कळावे? म्हणून अखेरीस नाव. पाहा, यंत्र विलायतेचे, पण त्यालाही आरंभी आमच्या शाहिरांचीच युक्ती उसनी घ्यावी लागली!

पुढे तबकडीच्या मध्यभागी छापील कागद आला आणि नाव पुकारण्याची गरज उरली नाही. पण तबकडीने दुसरीच अडचण आणली. लाखेच्या दहा इंची तबकडीची एक बाजू मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या वेगाने सुमारे तीन मिनिटांत संपते. रात्रभर चालणाऱ्या जलशातले गाणे तीन मिनिटांत कसे बसावे? काहीतरी कापावेच लागते. ध्रुवपद कापता येत नाही, पहिले कडवे कापता येत नाही. धोक्यात येते ते शेवटचे. आणि नाव तर तिथेच असते. छापील कागदावर कवीचे नाव बारीक अक्षरांत असेलही. पण पंगतीच्या मांडवात किंवा चौकातल्या कर्ण्यावरून ऐकणारा माणूस तो कागद वाचावयास जात नाही. त्याला आवाज ओळखू येतो. पंढरीच्या वाटेने चालणाऱ्या पावलांचे प्रल्हाद शिंदे यांनी गायिलेले गाणे महाराष्ट्रात कोणास ठाऊक नाही? पण ते गीत दत्ता पाटील यांचे आणि संगीत मधुकर पाठक यांचे, हे किती जण सांगतील? यात गायकाचा दोष नाही, कंपनीचाही नाही. ज्या साधनाने आवाज अमर केला, त्याच साधनाने शब्द रचणाराला पडद्याआड ढकलले, एवढेच.

आता नाशिक जिल्ह्याकडे वळू. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखालील या लढ्याची स्थानिक धुरा दादासाहेब गायकवाड यांनी वाहिली. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवले येथे बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. या लढ्याची वार्ता खेड्यापाड्यांतील निरक्षर माणसांपर्यंत कोणी नेली? वृत्तपत्र वाचणारे थोडे, सभेस पोहोचणारे त्याहून थोडे. ती नेली जलशांनी. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांचा जलसा १९३१ च्या सुमारास नाशिक जिल्ह्यात उभा राहिला. तमाशाचा बाज, ढोलकी, तुणतुणे, झीलकरी सारे तेच. पण गण-गौळणीच्या जागी शिक्षणाची, पाणवठ्याची, स्वाभिमानाची गोष्ट. या जलशांचा वृत्तान्त पुढे भीमरावांनी स्वतः ग्रंथरूपाने लिहून ठेवला, हे आपले भाग्य. सत्याग्रह सुरू झाला तेव्हा देशवंडीचा वामन आठ वर्षांचाही नव्हता. ज्या हवेत तो वाढला ती ही हवा.

तुणतुण्याविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. लाकडाचे एक नळकांडे, त्याच्या बुडाला चामडे, आणि वर दांडीला ताणलेली एकच तार. एवढ्या सामग्रीवर गाणे उभे राहते, कारण वाद्याने गाणाराला स्वर धरून द्यावा आणि शब्दांच्या वाटेत येऊ नये, एवढीच अपेक्षा असते. समोरच्या माणसाला प्रत्येक शब्द कळला पाहिजे. लोकगायकाचे सारे शास्त्र या एका वाक्यात आहे.

वामनदादांचे नवे गाणे ‘प्रसिद्ध’ कसे होत असे? आज आपण नव्या गीतसंग्रहाची जाहिरात पाहतो. तेव्हा जाहिरात नव्हती. कवी वस्तीत यायचा. रात्री गाणे व्हायचे. पोरे कंदिलाच्या उजेडात वहीत शब्द उतरवून घ्यायची. सकाळी पाणवठ्यावर ते गाणे चालू. वहीवरून दुसरी वही, दुसऱ्या गावचा गायक, तिसऱ्या गावचे भजनी मंडळ. चौदा एप्रिल, सहा डिसेंबर, आणि १९५६ नंतर धम्मदीक्षेचा दिवस, हे नव्या गाण्यांचे मोसम. चैत्यभूमीवर आणि दीक्षाभूमीवर लागणाऱ्या पुस्तकांच्या दुकानांत गाण्यांच्या स्वस्त चोपड्या असत. त्यांत गीताच्या माथ्यावर एक छोटी ओळ छापलेली असे: चाल अमुक अमुक.

ही ‘चाल’ म्हणजेच आम्ही वर ध्यानात ठेवावयास सांगितलेली गोष्ट. चित्रपटाची तबकडी कंपनीने पैसे ओतून काढली, हॉटेलांतून, जत्रांतून, नभोवाणीवरून ती गावोगाव वाजली. चाल सर्वांच्या कानात बसली. मग एक मजूर कवी त्या चालीवर आपले शब्द बसवतो. आता या गाण्याला तबकडीची गरज राहिली नाही, कारण चालीची तबकडी प्रत्येकाच्या डोक्यात आधीच फिरते आहे! कागदावरचे शब्द पाहिले की कोणीही ते गाऊ शकतो. काही पंडितांना ही उसनवारी कमअस्सल वाटते. आम्हाला तसे वाटत नाही. ओवीची चाल कोणा एकीची होती? साकी, दिंडी, कटाव यांच्या चाली कोणा एकाच्या होत्या? आणि वामनदादांनी स्वतंत्र चालीही पुष्कळ बांधल्या. मुद्दा एवढाच की, ज्यांच्याजवळ यंत्र नव्हते त्यांनी दुसऱ्याच्या यंत्राचा असा उपयोग करून घेतला.

येथे आम्ही श्रोत्यांना थोडे दूर, अमेरिकेत नेणार आहोत. ही उडी अगदीच निराधार नाही. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी तेथील कृष्णवर्णीय विद्वान डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉईस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्याचा उल्लेख केला होता; आणि १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर स्थापन झाली ती तेथील संघटनेच्या नावावरूनच. त्या समाजाचे गाणे म्हणजे ‘ब्लूज’. शेतमजुरांचे, गिटारीच्या साथीने एकट्याने गायचे, दुःख सांगता सांगता मिस्कील होणारे गाणे. १९२० पासून तेथील कंपन्या अशा गाण्यांच्या तबकड्या खास कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांसाठी काढू लागल्या. १९२८ मध्ये मिसिसिपी राज्यातील जॉन हर्ट नावाच्या शेतमजुराच्या काही तबकड्या निघाल्या. त्या फारशा खपल्या नाहीत. मंदी आली, आणि हर्ट आपल्या गावी शेतीच्या मजुरीवर परत गेला. पस्तीस वर्षे बाहेरच्या जगाने त्याचे नाव घेतले नाही.

१९६३ मध्ये टॉम हॉस्किन्स नावाचा एक तरुण त्याची जुनी तबकडी ऐकत होता. त्या गाण्यात गायकाने आपल्या गावाचे नाव घातले होते: ॲव्हलॉन. नकाशात ते गाव शोधून हा तरुण तेथे गेला, तो काय, सत्तरीचा हर्ट तेथेच होता, आणि बोटांतली कला जशीच्या तशी! त्याच वर्षी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात हजारो श्रोत्यांपुढे तो गायिला. १९६६ मध्ये तो वारला. पण त्या अखेरच्या तीन वर्षांत त्याच्या नव्या दीर्घ तबकड्या निघाल्या, त्या आजही ऐकल्या जातात. म्हाताऱ्या गायकाची नवी तबकडी म्हणजे काय चीज असते, हे त्या ऐकल्यावर कळते. तरुणपणीची घाई तिच्यात नसते. प्रत्येक सूर जागच्या जागी, हवा तेवढाच.

या हकीकतीत आम्हाला दोन गोष्टी दिसतात. एक, गाण्यात गुंफलेल्या नावानेच गायकाला परत आणले. तेथे गावाचे नाव, येथे कवीचे. दुसरी गोष्ट उलट बाजूची. हर्टला तबकडीने जिवंत ठेवले, माणसे विसरली होती. वामनदादांना माणसांनी जिवंत ठेवले. त्यांची गाणी इतर अनेक गायकांच्या आवाजात यंत्रावर आली, पण त्यांची खरी कीर्ती वस्तीवस्तीत, तोंडोतोंडी पसरली. १९७३ मध्ये ‘वाटचाल’, १९७६ मध्ये ‘मोहळ’ आणि १९७७ मध्ये ‘हे गीत वामनाचे’ हे त्यांचे संग्रह निघाले. १९९३ मध्ये वर्धा येथे पहिल्या आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. साहित्यिकांनी मान दिला तेव्हा ते सत्तरी ओलांडलेले होते. समाजाने तो फार आधी दिलेला होता.

तिसरी गोष्ट फितीची. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये आणलेली छोटी कॅसेट आपल्याकडे १९८० नंतर घरोघर पोहोचली, आणि मोठ्या कंपनीची मक्तेदारी मोडली. तबकडी काढण्यास कारखाना लागे. कॅसेटची प्रत कोणत्याही बाजारपेठेच्या गावी निघू लागली. भीमगीते, कोळीगीते, पोवाडे, गोंधळ यांना जणू पूर आला. तीन मिनिटांची अटही गेली. एका बाजूस अर्धा तास गा. मग शेवटचे कडवे सुरक्षित झाले म्हणावे, तर नवेच संकट आले. कॅसेटीवरून कॅसेट उतरवताना डबीतला छापील कागद काही उतरत नाही. नव्या डबीवर बॉलपेनने ‘भीमगीते, भाग २’ एवढेच. गायक कोण, कवी कोण, गाणे केव्हाचे, काहीच नाही. आता तर फीतही गेली. भ्रमणध्वनीवर गाणे येते ते कोणी पाठवले एवढेच सांगत येते.

या बाबतीत आमचा एक अनुभव आहे. सिन्नरकडच्या एका परिचितांच्या घरी पत्र्याच्या डब्यात जुन्या कॅसेटी होत्या. त्यातली एक लावली. कोणी स्थानिक गायक वस्तीच्या कार्यक्रमात गात होता; मागे लहान मूल रडत होते, कोणी पाणी मागत होते. गाणे रंगात आले आणि खट्‌ आवाज होऊन बाजू संपली. आम्ही कॅसेट उलटली, तर तेथे दुसरेच गाणे. तेव्हा पलीकडे सुपात बाजरी पाखडणाऱ्या त्या घरच्या आजी वर न पाहताच उरलेले कडवे म्हणू लागल्या. अखेरीस ‘वामन’ हे नाव आले. ते गाणे वामनदादांचे, हे आम्हाला तेव्हा कळले. आम्ही विचारले, “आजी, हे तुम्हाला कुणी शिकवलं?” त्या म्हणाल्या, “शिकवायचं काय त्यात? तवा समदेच म्हनायचे.”

श्रोतेहो, आमचा सारा मुद्दा या प्रसंगात आहे. यंत्राने जे सोडले ते आजींनी धरले होते. पण आजी किती वर्षे पुरणार? कायद्याने थोडी सोय केली आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती होऊन ध्वनिमुद्रणाच्या उत्पन्नात गीतकार व संगीतकार यांचा समान वाट्याचा हक्क मान्य झाला. कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क टिकतो, म्हणजे वामनदादांच्या गीतांवर तो २०६४ अखेरपर्यंत राहील. परंतु हक्क सांगावयाचा तर गाणे कोणाचे हे आधी सिद्ध व्हावे लागते. नाव गळाले की कायदा काय करणार?

असे काम होऊ शकते, याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. गी पॉइतव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडीच्या स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखावर गेली. प्रत्येक ओवीशी गाणारीचे नाव आणि गाव नोंदले गेले. जात्यावरच्या बाईचे नाव जर लिहून ठेवता येते, तर जलशातल्या गायकाचे का येऊ नये?

वामनदादांची जन्मशताब्दी २०२२ मध्ये झाली. हार झाले, भाषणे झाली. ती व्हावयासच हवीत. त्यापुढचे काम लहान आहे आणि नाशिककरांच्या आवाक्यातले आहे. घरात जुनी कॅसेट असेल तर ती फेकू नये. दमट जागी तिला बुरशी लागते आणि वर्षानुवर्षे पडून राहिलेली फीत चिकटते. ती एकदा जाणकाराकडून उतरवून घ्यावी, आणि सोबत एका कागदावर लिहावे: कोण गातो, ढोलकीवर कोण, कोणत्या गावी, कोणत्या साली. जुनी वही असेल तर तिची पाने जपावी. आणि घरात कोणी आजी-आजोबा गाणे गुणगुणत असतील तर त्यांना मध्येच थांबवू नये. शेवटच्या कडव्यापर्यंत जाऊ द्यावे. नाव तेथे आहे.